रविवारी अकराचं बाहेरचं खाणं, आईसोबत: तुमचा अनुभव सांगा

राम राम मंडळी. शहरात ज्याले ब्रंच म्हणतात ते आपल्या इकडं म्हणजे रविवारी साडेदहा-अकराचं खाणं. आता फाट्याफाट्यावर झुणका-भाकर, पाटोडी-रस्सा, वडाभात देणारी घरगुती हॉटेलं निघून राहिली अन् लोक घरच्यांले घेऊन जातात, हे मले लय आवडते. मागच्या महिन्यात मी आईले हिंगणघाटच्या अलीकडं असंच घेऊन गेलो. वय 64, लग्नाच्या पंगती सोडल्या तर ती कधी बाहेर बसून जेवलीच नव्हती. ताट समोर आल्यावर तिनं पहिले भाकरीचा पापुद्रा उचलून पाह्यला, बोटानं दाबली अन् म्हणे "पीठ ताजं हाये". मग वाढणाऱ्या पोराले विचारलं, "तू जेवला का रे बाप्पा?" दुसरी भाकर मागायले मात्र तिले लाज वाटत होती, मीच मागितली. जन्मभर तिनं आम्हाले गरम भाकर वाढली अन् स्वतः सगळ्यात शेवटी थंडी खाल्ली, त्या दिवशी तव्यावरची तिच्या ताटात पडली. तुम्ही कोणी आईले, सासूले, आजीले असं नेलं असन तर सांगा, कसं झालं ते.

भिवापूरकडून:
आम्ही तर्री पोह्याला गेलो होतो. पोह्यावर चण्याचा रस्सा घातला की आई आधी वरचा तवंग बघते. आमच्या घरी वर्षाची मिरची भिवापुरीच भरतो, तिला आता भौगोलिक मानांकनही आहे, तर आईला दुसरी लगेच कळते. पहिल्याच घासाला म्हणाली, चणे रात्रभर भिजलेत, खोबरं-खसखसही नीट भाजली आहे, पण मिरची रंगाची आहे, जिभेला लागतच नाही. मालकानं ऐकलं आणि तो खरंच येऊन विचारायला लागला की काकू मिरची कुठून घेऊ. पुढच्या रविवारी आईनं घरची पावशेर मिरची पूड पुडीत बांधून नेली. आता आम्ही गेलो की तिला बाजूला बसवून आधी रस्सा चाखायला देतात.

आर्णीहून:
मी सून आहे, मी सासूबाईंना घेऊन गेले. कापसाची वेचणी सुरू असली की आमच्याकडे रविवारबिविवार काही नसतो, त्यामुळे शेवटचा वेचा घरी आला तेव्हाच निघालो. गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरड पिठाचे गोळे घातलेला भात, मागवला, गोळे मस्त मोकळे झाले होते पण फोडणीचं तेल वाटीत आलं ते थंड. गोळाभातावर तेल चर्र वाजलं नाही तर त्यात उरलं काय? सासूबाई उठून सरळ आत गेल्या. मला वाटलं आता भांडण होतं, पण आतल्या बाईनं त्यांनाच कढई दिली अन् त्यांनी लाल मिरची टाकून तेल तापवून आमच्याच नाही तर शेजारच्या दोन टेबलांवरच्या भातावरही ओतलं. घरी येईपर्यंत त्या बोलत होत्या. लग्नाला 9 वर्षं झाली, एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

आणखी एकाकडून:
माझा अनुभव वाईट हाये, तोही सांगतो. पाटीवर "घरगुती चव" लिहिलं होतं. एक तास बसवलं, रस्स्याले पाकिटातल्या मसाल्याचा वास, अन् रस्सा अजून मागितला तर वाटीचे 30 रुपये लावले. रस्सा मोजून देणं म्हणजे काय? आई काहीच बोलली नाही, हात धुतले अन् म्हणे "चाल, घरी बेसन टाकतो". ऐन बाराच्या उन्हात घरी येऊन तिनं चूल पेटवली. याचा मले अजूनही राग येते.

आणखी एक अनुभव:
शेगावला आईनं दर्शन झाल्यावर कचोरी खाल्ली, सोबत तळलेली हिरवी मिरची. ही कचोरी 1950 च्या सुमारास फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मांनी सुरू केली, हे तिला सांगितलं तर म्हणाली, आपलं घर सोडून आलेल्या माणसानं किती लोकांचं पोट भरलं.

वरुडकडून:
माझं मत वेगळं हाये. आईले खरं सुख द्यायचं असन तर वावरात रोडगे करा, पण ते पुरुषांनी करायचे. आम्ही भाऊ गोवऱ्या पेटवतो, कणीक मळतो, रोडगे निखाऱ्यात आम्हीच फिरवतो, वांग्याची भाजीही आमचीच. आई संत्र्याच्या झाडाखाली बसते. पहिला रोडगा कुस्करून तूप सोडून तिले देतो, मग बाकीचे.

कारंजा घाडगेकडून:
आम्ही चौघी जणी मिळून असं हॉटेल चालवतो म्हणून आतली बाजू सांगते. रविवारी पहाटे 5 ला चूल पेटते. पाटोडीचं बेसन घोटताना हात थांबला की गाठी, मग तेल लावलेल्या ताटात थापून वरून खोबरं, खसखस, सांभार म्हणजे कोथिंबीर. ज्वारीच्या पिठाच्या किलोला दहा-बारा भाकरी होतात अन् एकेक हातावर थापावी लागते, म्हणून उशीर होते, रागावू नका. कोणी म्हातारी माय आली की आम्ही तिचं ताट पहिले लावतो, हे ठरलेलं हाये. रस्सा मोजत नाही.

घाटंजीहून:
ताई, माझ्या आजीला दात नाहीत आणि खुर्चीवर तिला बसवत नाही, मांडी घालूनच जेवते. 85 ची आहे. तिला आणायचं फार मनात आहे, अंतर बरंच आहे पण गाडी करू. जमेल का?

कारंजा घाडगेकडून:
आणा ना. खाली चटई टाकून पाट देतो. शनिवारीच सांगून ठेवा म्हणजे ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ठेवतो, वरून ताक. गाडी एकदम दारापर्यंत येते, पायरी एकच हाये.