घराला फिकट, राखाडी झाक असलेला हिरवा रंग : तुमचा अनुभव सांगा

डोंबिवलीच्या आमच्या घराला दिवाळीआधी रंग द्यायचाय. हॉलसाठी सेज ग्रीन मनात भरलाय. पोपटी नाही, पिस्ताही नाही. आई म्हणते तसा, सावलीत वाळवलेल्या कढीपत्त्याचा रंग. बाबांना मात्र धास्ती आहे की घर दवाखान्यासारखं दिसेल. हा रंग लावून त्यात राहिलेल्यांनी लिहा. फसला असेल तर तेही लिहा.

पुणे
दोन वर्षं झाली. पहिल्या रात्री मला रडू आलं होतं. कार्डावरचा मऊ हिरवा आमच्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात ओल्या सिमेंटसारखा दिसत होता. पुन्हा रंगवायचं ठरतच होतं, तेवढ्यात भावाने 3000 केल्विनचे पिवळसर दिवे आणून लावले आणि तीच भिंत निवळली. दुपारी पश्चिमेचं ऊन आलं की ती थोडी मेंदीकडे झुकते, ते मला आवडतं. आधी दिवे ठरवा, मग रंग.

कोल्हापूर
माझा धंदाच रंगकामाचा. कार्डावर आवडला त्यापेक्षा एक छटा फिका घ्या. चारही भिंतींना एकच रंग असला की त्या एकमेकींवर रंग टाकतात आणि खोली गडद वाटते. दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या आणि सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. मशीनवर कालवलेले सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या, नाहीतर एका भिंतीत दोन हिरवे दिसतील. थोडा रंग झाकण घट्ट लावून ठेवा, डागडुजीला लागतो.

नाशिक
बाबांच्या धास्तीबद्दल. मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होते. हॉस्पिटलात हिरवा आला त्याला कारण आहे. 1914 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या सर्जननी पांढऱ्या थिएटरमधली चकाकी डोळ्यांना त्रास देते म्हणून पालकासारखा हिरवा निवडला. रक्ताच्या लालाला हिरवा हा विरुद्ध रंग. बराच वेळ लाल पाहून पांढऱ्याकडे पाहिलं तर हिरवट सावल्या तरंगतात. समोर हिरवंच असेल तर त्या जाणवत नाहीत. दवाखाना आठवतो तो मुख्यतः कमरेपर्यंतच्या तकतकीत ऑइलपेंटमुळे आणि ट्यूबलाइटमुळे. मॅट फिनिश घ्या. माझ्या झोपायच्या खोलीत हाच रंग आहे, सोबत सागवानी कपाट आणि खादीचे पडदे. ड्यूटीवरून आल्यावर त्या खोलीत मला कधीच वॉर्ड आठवला नाही.

रत्नागिरी
आमचं जांभ्याचं जुनं घर. एप्रिलमध्ये उत्तरेच्या भिंतीला हा रंग दिला, श्रावणात पोपडे सुटले. ते तरी दिसले. कपाटामागे बुरशी धरली होती ती मात्र लक्षातच आली नाही, कारण तिचा रंग भिंतीत मिसळून गेला होता. आजीचा खोकला थांबेना तेव्हा कपाट सरकवलं. ओल येणाऱ्या भिंतीवर हा रंग देऊच नका, हे मी कळकळीने सांगते. आम्ही बाहेरून गिलावा दुरुस्त केला, भिंत पूर्ण सुकू दिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा रंगवलं. आता लाल कोब्याच्या जमिनीवर तो इतका शोभतो की पाहुणे आधी भिंतीकडे बघतात.

लीड्स, इंग्लंड
इथे डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. उत्तरेकडच्या बैठकीत हा हिरवा नुसता राखाडी झाला आणि मन उदास व्हायचं. तिथे हळदीची झाक असलेला क्रीम दिला. स्वयंपाकघर पूर्वेला आहे, तिथे हिरवाच ठेवला. सकाळी चहा करताना तो जिवंत वाटतो.

नागपूर
मे महिन्यात डोळ्यांना गारवा वाटतो, एवढं खरं. खोली थंड होत नाही, कूलर तेवढाच चालतो.

डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन पुठ्ठे रंगवले. नाशिकच्या ताईंचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत. काल रात्री मात्र टीव्ही बंद करून त्यांनीच सर्वांत फिका पुठ्ठा उचलला, देव्हाऱ्याशेजारी टेकवला आणि समईच्या उजेडात बराच वेळ बघत बसले. सकाळी पाहिलं तर तो तिथेच होता. उरलेले दोन त्यांनी माळ्यावर टाकले होते.