आजीच्या पेटीतला १८४० चा रुपया

सांगलीच्या आजीच्या पेटीतल्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेल्या) रुपयावर तीन बारीक, खोल गेलेली फुलं आहेत आणि राणीच्या डोक्यावर एक गुळगुळीत डाग आहे; ती फुलं टांकसाळीतली का, असं तुम्ही विचारलंय. ती टांकसाळीतली नाहीत. १८४० च्या रुपयावर अक्षरं, चेहरा, पानं सगळं उठावाचं असतं. अशी खोल गेलेली फुलं नंतर हातानं केलेली. फुलांच्या कडेला चांदी किंचित वर आली असेल आणि मागच्या बाजूला त्याच जागी नक्षी चपटी झाली असेल, तर ठसा ठोकलाय. चांदी पारखून सराफ असे ठसे मारत. कोरून काढलं असतं तर धातू निघून गेला असता, कड उंचावली नसती.

राणीच्या डोक्यावरचा गुळगुळीत डाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो बहुधा कडीच्या डाकाचा (कडी जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा) आहे, म्हणजे हा रुपया गळ्यात घातलेला. भिंगातून बघा, डाकाची चांदी रंगानं थोडी वेगळी दिसते आणि तिथल्या किनारीच्या रेघा बुजलेल्या असतात. वजनही करा. नवा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडा कमी भरेल. फारच कमी भरला तर नाण्याची कड कानसलेली असू शकते.

आणि कृपा करून चकाकी आणायला चिंच, रांगोळी, पावडर काही लावू नका! सराफ कट्ट्यावर नेलात तरी पॉलिश करू देऊ नका, डाकाचा पुरावा त्यातच जातो.