कॅशबॅक ॲप्स: रोजच्या खरेदीत जास्तीत जास्त परतावा कसा मिळवायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घरातली महिन्याची खरेदी माझ्याकडे असते. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, डायपर, औषधं, मधूनच कपडे. त्यातलं निम्मं ऑनलाइन, निम्मं दुकानात जाऊन. फोनमध्ये सध्या तीन तऱ्हेची कॅशबॅक ॲप्स आहेत. एकात आधी ॲप उघडून तिथल्या लिंकवरून ऑनलाइन दुकानात शिरायचं. दुसऱ्यात बिलाचा फोटो चढवायचा. तिसऱ्यात कार्ड जोडून ठेवलंय, तिथे म्हणे आपण काहीच करायचं नसतं.

आता अडचणी सांगते.

पहिली म्हणजे काही ऑर्डरी नोंदल्याच जात नाहीत. तेच ॲप, तोच फोन, तेच दुकान, तरी डिटर्जंटची ऑर्डर लगेच 'पेंडिंग'मध्ये दिसते आणि डायपरची कुठे गायब होते कळत नाही. तक्रार केली की 'ट्रॅकिंगच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत' एवढंच छापील उत्तर येतं. कुठल्या अटी, ते कोणी सांगत नाही.

दुसरी, नोंद झाली तरी रक्कम कमी. वर मोठ्या अक्षरात ५ टक्के, हातात त्याच्या निम्म्याहून कमी. हे नेहमीचंच आहे का?

तिसरी, एकाच खरेदीवर दोन-तीन ठिकाणचा कॅशबॅक लावता येतो का? काहीजण लावतात असं ऐकलंय. नियमात बसतं की पकडलं तर खातं बंद?

आणि खरा प्रश्न हा की रोजच्या वस्तूंवरचे दर मुळात इतके किरकोळ असतात, मग नेमका कशावर वेळ घालवावा? जाणकारांनी सांगावं.

ता. क. 'ही ॲप्स आपला डेटा विकतात' हे मला माहीत आहे. तो वाद कृपया इथे नको.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं एका गोष्टीत आहेत: पैसे कोणाच्या खिशातून येतात ते बघा.

लिंकवाल्या ॲपचे पैसे दुकान देतं. 'हे गिऱ्हाईक आम्ही आणून दिलं' म्हणून ॲपला दलाली मिळते, त्यातला काही हिस्सा ते तुम्हाला देतात. धंदा जुना आहे. ॲमेझॉनची असोसिएट्स योजना १९९६ची. याच दलालीवर १९९८ साली सुरू झालेली ईबेट्स ही कॅशबॅक साइट जपानच्या राकुतेनने २०१४ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरला विकत घेतली. म्हणजे धर्मादाय कोणी करत नाहीये, पण फसवणूकही नाही.

आता गिऱ्हाईक कोणी आणलं हे दुकान कसं ठरवतं? तुम्ही लिंक दाबली की मध्ये क्षणभर एक पांढरा पडदा येतो ना, 'तुम्हाला दुकानात नेत आहोत' वगैरे? त्या क्षणात तुमच्या क्लिकला एक क्रमांक मिळतो आणि तो ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, बसतो. पैसे भरताना तो क्रमांक जागेवर असला तर दलाली, नसला तर काही नाही. आणि बहुतेक दुकानं शेवटची क्लिक धरतात. लिंकवरून आत गेल्यावर तुम्ही कूपन शोधायला दुसऱ्या साइटवर डोकावलात, किंवा ब्राउझरमधल्या कूपन एक्स्टेन्शनने आपणहून कोड लावला, तर शेवटची क्लिक त्यांची झाली.

म्हणून ऑर्डर करताना ॲड ब्लॉकर आणि व्हीपीएन बंद ठेवा, कुकीची परवानगी विचारली तर नाकारू नका, लिंक दाबल्यापासून पैसे भरेपर्यंत मध्ये कुठेही जाऊ नका. बाहेरून मिळालेला कोडही लावू नका. तो कोड दुसऱ्या कोणाच्या नावावर असू शकतो.

तुमचे डायपर कदाचित आधीपासून कार्टमध्ये पडून असतील. कित्येक दुकानं क्लिकच्या आधी कार्टमध्ये टाकलेला माल धरत नाहीत. यादी कागदावर करा, क्लिकनंतर कार्ट भरा.

आयफोन असेल तर आणखी एक. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून दुसऱ्या ॲप्समध्ये तुमचा माग काढायचा तर प्रत्येक ॲपला आधी विचारावं लागतं. आपण सवयीने 'नको' म्हणतो. मग लिंकवरून दुकानाचं ॲप उघडलं, तर ती क्लिक आणि ऑर्डर यांची जोडी जुळेलच असं नाही. अशा वेळी दुकान ॲपऐवजी ब्राउझरमध्ये उघडलेलं बरं.

प्रतिसाद २

डेटाचा वाद नको म्हणता, पण बिल चढवणारं ॲप त्यावरच तर चालतं. कोणत्या घरात कोणता साबण येतो, किती दिवसांनी येतो, ही माहिती साबणवाल्यांना हवी असते. चालू द्या तुमचं.

धागाकर्ती

@प्रतिसाद २: म्हणूनच आधी लिहिलं होतं :) माझा साबण कोणता हे कळून कोणाचं काय बिघडतंय! औषधांची बिलं मात्र मी चढवत नाही.

@प्रतिसाद १: खूप आभार. डायपर खरंच कार्टमध्ये पडून होते. ५ टक्क्यांचं कोडं राहिलं.

प्रतिसाद ३

'५ टक्के'च्या आधी बारीक अक्षरात 'पर्यंत' लिहिलेलं असतं, ते वाचा. दर मालाच्या प्रकारावर ठरतो. कपड्यांवर दुकानाला नफा बरा सुटतो, तिथे दर चढा. रोजच्या वापराच्या वस्तूंवर नफाच बारीक, दलाली कुठून देणार? शिवाय नव्या गिऱ्हाइकाला एक दर, जुन्याला दुसरा.

वर हिशेब साधारणपणे कर, डिलिव्हरी आणि सूट वजा करून उरलेल्या रकमेवर होतो. समजा बिल १,००० चं, त्यात कर आणि डिलिव्हरी मिळून १५०. उरले ८५०. त्यावर २ टक्के म्हणजे १७. तुम्ही मनात ५० धरून बसलेल्या असता. बिलाचा काही भाग गिफ्ट कार्डाने भरला असेल तर तोही बहुधा वगळतात.

आणि पेंडिंग रक्कम लगेच मिळत नाही, याचं कारण माल परत करायची मुदत. ती संपेपर्यंत दुकान दलाली पक्की करत नाही. चारातली एक वस्तू परत केली तर तेवढा कॅशबॅक कापला जातो.

धागाकर्ती

आता थोडं डोक्यात शिरलं. मग एकावर एक लावण्याचं काय? आणि बिलाच्या फोटोचं कोणी सांगेल का? माझे निम्मे फोटो नापास होतात.

प्रतिसाद ४

फोटोबद्दल मी सांगतो, आमच्याकडे हे खातं माझं. बिल घरी आणून खिशात ठेवलं की संपलं. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने आणि घासून अक्षरं उडतात. दुकानाबाहेर पडतानाच फोटो काढा. सपाट आणि गडद पृष्ठभागावर ठेवा, दुकानाचं नाव, तारीख-वेळ आणि एकूण रक्कम या तिन्ही गोष्टी दिसल्याच पाहिजेत. लांबलचक बिल एका फोटोत कोंबू नका. दोन-तीन तुकड्यांत काढा, पण पहिल्या फोटोतल्या शेवटच्या दोन-तीन ओळी दुसऱ्यात पुन्हा येऊ द्या. नाहीतर मधली वस्तू सुटली की काय हे यंत्राला कळत नाही.

खास वस्तूंवरच्या ऑफर खरेदीच्या *आधी* ॲपमध्ये निवडायच्या असतात का, तेही बघा. काही ॲप्समध्ये तशी अट असते आणि ती नेमकी खालच्या बाजूला लिहिलेली असते.

प्रतिसाद ५

एकावर एक: प्रतिसाद १ मधली खिशाची कसोटी इथेही लावा. खिसे वेगळे असतील तर साधारणपणे चालतं, एकाच खिशात दोन हात घातलेत तर एक रिकामा येणार.

लिंकवाल्या ॲपचा पैसा दुकानाच्या दलालीतून, बिल-फोटोतल्या वस्तूंच्या ऑफरचा पैसा वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरात खर्चातून, कार्डाचा स्वतःचा कॅशबॅक बँकेकडून. हे तिन्ही एका खरेदीवर बसू शकतात, फक्त बिल-फोटोवालं ॲप ऑनलाइन बिल घेतं का ते तपासा. दोन लिंकवाली ॲप्स एका ऑर्डरवर कधीच नाही, शेवटची क्लिक जिंकते. कार्ड जोडायच्या योजनांतही बऱ्याचदा एक कार्ड एकाच ठिकाणी नोंदता येतं, म्हणून दोन कार्डं असतील तर वाटून टाका. यात लपवाछपवी काही नाही. खातं बंद होतं ते एकाच घरात खोटी खाती काढली किंवा तेच बिल दोनदा चढवलं तर.

वेळेचं विचाराल तर, कार्ड जोडलेलं ॲप असू द्या, त्याला कष्ट नाहीत. काही योजनांत आधी ऑफर चालू करावी लागते, तेवढं बघा. लिंकवालं ॲप मोठ्या ऑर्डरींपुरतं: कपडे, उपकरणं, प्रवासाचं बुकिंग. साबणासाठी तो सोपस्कार मी तरी करत नाही. बिलाचे फोटो ज्याला कंटाळा येत नाही त्याने काढावेत. आणि क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरत नसाल तर हे सगळं बाजूला ठेवा. एका महिन्याचं व्याज वर्षभराचा कॅशबॅक खाऊन टाकेल.

धागाकर्ती

बिल पूर्ण भरते, ती काळजी नाही. फोटोंचं खातं आता घरातल्या दुसऱ्या सभासदाकडे सोपवते :) शेवटचं एक: ॲपमध्ये साठलेली रक्कम तशीच वाढू द्यावी का?

प्रतिसाद ३

नको. किमान मर्यादा गाठली की काढून घ्या. बरेच दिवस खातं वापरलं नाही तर शिल्लक रद्द करण्याची अट अनेकांच्या नियमांत असते, आणि ॲप बंद पडलं तर मागायला जाणार कुठे? काही ॲप्स रोख घेण्याऐवजी गिफ्ट कार्ड घेतलं तर थोडे जास्त देतात. ते कार्ड तुम्ही एरवीही जिथे खरेदी करता त्याच दुकानाचं असेल तरच घ्या. आणि ऑर्डर दिली की पेंडिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ऑर्डर नोंदली गेलीच नाही तर दुकानाचा ऑर्डर क्रमांक आणि क्लिकची वेळ दोन्ही जवळ ठेवा. तक्रारीची मुदत असते, आणि तेव्हा हेच मागतात.