रिझर्व्ह एवढी लहान नको
स्कायडायव्हिंगच्या पॅराशूटबद्दल एकाने विचारलंय, मेन (मुख्य छत्री) १५० चौरस फुटांची आहे, कंटेनर (छत्र्या ठेवायची पाठीवरची पिशवी) सुटसुटीत हवा, तर रिझर्व्ह (राखीव छत्री) १२६ ची चालेल का? मी तरी घेणार नाही. कपडे-गियरसकट १९० पौंड धरले तर चौरस फुटाला दीड पौंड भार झाला, आणि भार जास्त म्हणजे उतरण्याचा वेग जास्त. एएडीने (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राने) रिझर्व्ह उघडली आणि तुम्ही बेशुद्ध असाल, तर फ्लेअर, म्हणजे टेकताना दोऱ्या ओढून वेग मारणं, कोण करणार? शिवाय रिझर्व्ह बहुतेक सात सेलची (हवेच्या कप्प्यांची), एफ-१११ या थोडी हवा झिरपू देणाऱ्या कापडाची. झीरो-पी (हवा न झिरपणाऱ्या कापडाच्या) मेनची सवय झालेल्याला तिचा फ्लेअर मवाळच वाटतो. मी १६० घेतली. रिगरने (रिझर्व्ह पॅक करणाऱ्या तंत्रज्ञाने) गुडघा टेकवून, घाम गाळत ती कंटेनरमध्ये कोंबली आणि माझ्याकडे असं काही बघितलं! सेकंडहँड घेत असाल तर आधी पॅकिंग डेटा कार्ड (रिझर्व्ह कधी, कोणी पॅक केली याची नोंद) मागा. अमेरिकेत १८० दिवसांनी रीपॅक (तपासून पुन्हा पॅक करणं) चुकत नाही.