ठेचा घातला आणि फोकाच्या बसला

कढीपत्ता (सोलापूर):
जाणकारांनो, मदत करा. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच फोकाच्या (इटलीतला चपटा पाव) केला. अर्धा किलो मैदा, ३७५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, वरून सुकी रोझमेरी (उग्र वासाची पानं). फुगला झकास, पण घरी कुणाला तो वास रुचला नाही. सासरे म्हणाले, "पावाला अडुळशाचा काढा पाजलाय का?"

म्हणून परवाच्या रविवारी प्रमाण तेच ठेवून पिठातच ठेचा मळला. दहा-बारा मिरच्या तव्यावर भाजलेल्या, लसणाची अख्खी गड्डी (आमच्याकडे ठेच्यात लसूण कच्चाच), मूठभर दाण्याचा कूट, मीठ. मळताना पीठ लोण्यासारखं होतं. अर्ध्या तासाने बघते तर परातीत पसरलेलं! उचलायला जावं तर हाताला चिकटतं, ताणावं तर तुटतं. दोन तास थांबले तरी फुगायचं नाव नाही. भाजल्यावर बोटभर उंची, आतून गिच्च. चव मात्र अशी, की मुलाने दह्यासोबत निम्मा संपवला.

यीस्ट मेलेलं नाही, त्याच पाकिटाचे पाव दुसऱ्या दिवशी छान झाले. मग घोडं अडलं कुठे? येत्या शनिवारी नणंद येतेय आणि मी फुशारकी मारून बसलेय.

खरपूस:
लसूण! कच्चा लसूण ठेचला की त्यातले गंधकाचे घटक मोकळे होतात. ते मैद्यातल्या ग्लुटेनची (पिठाला ताण देणाऱ्या चिकट प्रथिनाची) पकड ढिली करतात आणि यीस्टलाही मानवत नाहीत. तुम्ही तर अख्खी गड्डी घातलीत. माझा लसूण-पाव असाच बसला होता तेव्हा मी दुकानदाराशी भांडून आले होते, आता त्या बाजूने जाते तेव्हा मान खाली असते. पाकळ्या अख्ख्याच तेलात मऊ होईपर्यंत परता आणि मग ठेचा. ठेचण्याआधी उष्णता लागली की तो खेळ सुरूच होत नाही.

दालचिनीचंही तेच. पिठात जास्त घातली की यीस्ट मंदावतं, म्हणून सिनॅमन रोलमध्ये ती सारणात असते. आणि ठेच्यातलं मीठ धरलंत का हिशेबात? १० ग्रॅम पिठात आधीच होतं.

माठातलं_पाणी:
लसूण आहेच, पण सोलापुरात मे महिन्यात कोमट पाण्याने तर नाही ना मळलंत? पाककृतीतलं ते कोमट पाणी थंडीतल्या स्वयंपाकघरासाठी. आमच्या अकोल्यात मी माठातलंच घेते, मग मळलेलं पीठ तासभर बाहेर ठेवून डबा रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पीठ हाताला ऐकतं.

दूरदेशी:
मी सहा वर्षं इटलीतल्या जेनोआत आहे, हा पदार्थ इथलाच. इथे पिठात सहसा काही घालत नाहीत, सगळी मजा वरच्या अंगाला. ट्रेमध्ये पीठ पसरून बोटांनी तळापर्यंत खळगे करायचे आणि त्यात मीठ-पाणी-तेल घुसळून ओतायचं. याला सालामोया म्हणतात. तुमच्या प्रमाणाला ८० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ आणि दोन-तीन मोठे चमचे तेल पुरे, पिठातलं मीठ तेवढं कमी करा. ओतल्यावर तळं दिसतं, घाबरू नका. पाऊण तास तसंच ठेवून २२० अंशांवर भाजा. पाणी आटतं, खळग्यांत मऊ आणि खारट लागतं, कडा कुरकुरीत. ठेचा या तेलातच कालवा. ऑलिव्ह तेलाचा हट्ट नको, ठेच्याला शेंगदाण्याचं तेलच शोभतं.

जाता जाता : इथली माणसं सकाळी हाच खारट फोकाच्या कापुचिनो कॉफीत बुडवून खातात. पहिल्यांदा बघून कसंसंच झालं होतं, मग आपली चहातली खारी आठवली.

माईआजी:
बोटाने भोकं पाडायची, त्यात तेल सोडायचं. अगं, थालीपीठच की हे! फक्त तव्याऐवजी भट्टीत.

कढीपत्ता:
माईआजी, सासरेही अगदी हेच म्हणाले!

शनिवारी केला. माठातलं पाणी, रात्रभर फ्रिज. लसूण तेलात परतून मिरच्यांबरोबर ठेचला, निम्मा ठेचा सालामोयात आणि निम्मा मागे ठेवला. हे नशीबच म्हणायचं, कारण भट्टीच्या वरच्या तापत्या कांडीजवळचा कोपरा करपला आणि तिथला लसूण कडू लागला. उरलेला ठेचा आणि दाण्याचा कूट भट्टीतून काढल्या काढल्या वर पसरला, तो हिरवागार राहिला. पुढच्या वेळी सगळाच नंतर घालणार. उंची चांगली दोन बोटं आली. खळग्यातलं ते खारट-तिखट तेल पुसून खायला मुलं भांडली.

नणंदेने चौथा तुकडा उचलताना विचारलं, "यात काहीतरी घालतात ना गं, पानं-बिनं?"