मदत हवी आहे: ज्यात समोरचं पब्लिकसुद्धा ऐकू येतं असे जुने अल्बम (ब्लूज, रेगे, रॉक, कंट्री)

मंडळी, मामा मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी जमवलेल्या एलपी (मोठ्या तबकड्या) आता माझ्याकडे आल्यात आणि प्लेयर दुरुस्त करून घेतल्यापासून रात्री जेवणं आटोपली की एखादी बाजू तरी लावतोच (बायको म्हणते आवाज कमी कर, शेजारचे आजोबा म्हणतात वाढव). ऐकता ऐकता लक्षात आलं की मला भावतात त्या बहुतेक लाइव्ह आहेत. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागून कुणाची दाद आली की गवई कसा खुलतो, तसलं काहीतरी हवं असतं मला.

सध्या जिवापाड आवडणारी म्हणजे बी. बी. किंगची 'लाइव्ह ॲट द रीगल', शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ ला रेकॉर्ड केलेली. त्यात 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' म्हणताना तो बाईसाठी काय काय केलं त्याची यादी वाचत जातो, प्रत्येक ओळीला पब्लिक चढत जातं आणि शेवटच्या ओळीला अख्खं थिएटर फुटतं, आणि हा गडी गिटार घेऊन मधल्या फटीत बरोबर घुसतो. कितीदाही ऐका. रॉकमध्ये ऑलमन ब्रदर्सची 'ॲट फिलमोअर ईस्ट' (१९७१), तिची चौथी बाजू म्हणजे एकच गाणं, २३ मिनिटं. कंट्रीत जॉनी कॅशची 'ॲट फोल्सम प्रिझन' (१९६८), फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेली.

आता अडचण. एक, रेगेमध्ये (जमैकाचं संगीत) माझी पाटी कोरी आहे, कुणालाही विचारा बॉब मार्लीचं तेच ते 'लेजंड' सांगतात आणि ते तर निवडक गाण्यांचं संकलन. दोन, फोल्समच्या पहिल्याच गाण्यात रीनो शहरात माणूस मारल्याची ओळ येते तेव्हा कैदी जे ओरडतात ते म्हणे नंतर स्टुडिओत चिकटवलंय, खरंय का हे? खरं असेल तर मूडच गेला राव. तीन, ब्लूजमध्ये रीगलनंतर काय घ्यावं?

काळी_तबकडी: रेगेसाठी मार्लीचंच पण 'लाइव्ह!' घ्या, जुलै १९७५, लंडनचं लायसियम थिएटर. 'नो वुमन नो क्राय' आधी 'नॅटी ड्रेड'वर आलं होतं (१९७४), तिथे मागे ड्रम मशीन टिकटिक करतंय आणि गाणं बरं आहे इतकंच. लायसियमला तेच सात मिनिटांचं झालं, सुरुवातीला ऑर्गन चालू असतानाच पब्लिक कोरस धरतं. जगाला माहीत आहे ते हेच. नंतर टूट्स अँड द मेटल्सचं १९८० चं 'लाइव्ह' शोधा, लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेमधलं, कार्यक्रम झाल्यावर २४ तासांत रेकॉर्ड दुकानात पोचवली होती त्यांनी.

निवांत_नाना: रीनोच्या ओळीचं खरं आहे, ती आरोळी नंतर घातलेली. कैदी उलट जपून होते, पहारेकरी समोर उभे, तुरुंगाबद्दलच्या ओळीवर ओरडायची हिंमत कोण करणार? पण म्हणून अल्बम खोटा होत नाही हो. शेवटचं 'ग्रेस्टोन चॅपल' ऐका. ते गाणं तिथल्याच एका कैद्याचं, ग्लेन शर्लीचं, कॅशने आदल्या रात्री बसवलं आणि दुसऱ्या दिवशी शर्ली पुढच्या रांगेत बसलेला असताना गायलं, त्याला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते काही स्टुडिओत होत नसतं. १३ जानेवारी १९६८ ला दोन कार्यक्रम झाले, एलपीत बहुतेक पहिल्यातली गाणी आहेत, २००८ च्या आवृत्तीत दोन्ही पूर्ण मिळतात. तुम्हाला पब्लिक ऐकायचंय तर तीच घ्या, एलपीचा हट्ट सोडा.

बोरीबंदर: तिसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर, मडी वॉटर्स, 'ॲट न्यूपोर्ट १९६०'. न्यूपोर्टच्या जॅझ फेस्टिव्हलमधलं हे रेकॉर्डिंग. आदल्या रात्री बाहेर दंगल झाली आणि फेस्टिव्हल गुंडाळायचं ठरलं, ब्लूजचा दुपारचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला. कवी लँगस्टन ह्यूज तिथे होता, त्याने तिथल्या तिथे निरोपाचं गाणं लिहून दिलं आणि मडीचा पियानोवाला ओटिस स्पॅन ते गायला, अल्बमच्या शेवटी आहे. 'गॉट माय मोजो वर्किंग' संपल्यावर पब्लिक ऐकतच नाही म्हणून परत सुरू करतात, तो दुसरा भाग वेगळा छापलाय. फोल्समपेक्षा हे कितीतरी वर.

धागाकर्ता: बोरीबंदर, शेवटच्या वाक्यावर भांडण होणार आपलं, पण न्यूपोर्ट उद्याच शोधतो. नाना, शर्लीचं माहीतच नव्हतं, आत्ता ती बाजू परत लावली. आणखी एक, मागे ऑनलाइन घेतलेली एक सेकंडहँड एलपी वाकडी निघाली आणि विकणारा परत घ्यायला तयार नाही. मागवण्याआधी नक्की काय बघता?

काळी_तबकडी: कव्हरचा फोटो काही कामाचा नाही. तबकडी बल्बखाली तिरकी धरून दोन्ही बाजूंचे फोटो मागा, चरे त्यातच दिसतात. आणि प्लेयरवर फिरत असतानाचा व्हिडिओ मागा, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) वरखाली झुलताना दिसला की समजा वाकडी आहे. व्हिडिओ पाठवायला का कू करणाऱ्याकडून मी तरी घेत नाही. टूट्स मिळालं तर कळवा, माझ्याकडची कॉपी पार झिजलीय.