मदत हवी आहे: ग्रीनस्टेड चर्चच्या भिंती १०६६ आधीच्या की नंतरच्या?

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधल्या एसेक्समधल्या ग्रीनस्टेड चर्चवर छोटा लेख लिहितेय, ओकचे उभे चिरलेले ओंडके शेजारी शेजारी लावून भिंती केल्यात ते. अडलंय ते तारखेवर.

१९६० च्या सुमाराला ओंडक्यांतली वाढीची वलयं मोजून इ.स. ८४५ च्या आसपासची तारीख दिली होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी तीच छापतात. १९९५ च्या नव्या तपासणीत शेवटचं वलय १०५३ चं निघालं, पण सालीलगतचं कोवळं लाकूड शिल्लक नाही म्हणून झाड तोडल्याचा काळ १०६३ ते ११०८ असा धरतात. म्हणजे १०६६ ला फ्रान्समधून नॉर्मन येऊन इंग्लंड जिंकण्याआधीचं की नंतरचं हे नेमकं मधेच लटकलंय! त्यात १८४८ च्या दुरुस्तीत ओंडक्यांचे कुजलेले बुंधे कापून खाली विटांचं जोतं घातलं, त्यामुळे मूळ पाया बघायची सोयच नाही. चान्सेलखाली (चर्चमधला वेदीकडचा भाग) आणखी जुन्या दोन लाकडी इमारतींच्या खुणा मिळाल्यात, पण तो वेगळा विषय, आणि १०१३ ला सेंट एडमंड या संत राजाचं शव नेताना इथे ठेवलं होतं ही गोष्ट परंपरा म्हणूनच टाकणारे.

रेडिओकार्बन सुचवू नका प्लीज, वलयांपेक्षा नेमकं उत्तर त्यातून येणार नाही. जुनी कागदपत्रं लॅटिनमध्ये आहेत आणि ती मला येत नाही, आणि डूम्सडे बुकात (१०८६ ची इंग्लंडमधल्या जमिनींची नोंदवही) सगळी चर्चेस नोंदलेलीच नाहीत, त्यामुळे तिथे नाव नसलं तरी काही सिद्ध होत नाही.

जुन्या लाकूडकामातलं कुणाला कळत असेल तर सांगा, ओंडक्यांचे सांधे किंवा हत्यारांच्या खुणा बघून ही ४५ वर्षं अजून कमी करता येतात का, आणि १८४८ च्या आधीची मोजमापं किंवा चित्रं शोधायची तर सुरुवात कुठून करू?